काढलेला हात

४ फेब्रुवारी

प्रिय आई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाशी वहिनी उभी असते, म्हणून लिहायला घेतलं. शिवाय फोनवर मी फार गोड बोलते, हे तुलाही माहीत आहे.

गुडघा कसा आहे? दादा सांगत होता, तू त्यांच्याकडे तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये न थांबता चढतेस. गुडघेदुखीवर जिने चढायचा इलाज मी पहिल्यांदाच ऐकला. पण बरं वाटत असेल तर चढ.

इकडे स्टुडिओतलं बेसिन पुन्हा तुंबलं. मास्तरांनी अर्धा दिवस घालवून मोकळं केलं आणि उरलेला अर्धा दिवस ते आम्हाला ऐकवण्यात घालवला. छापखान्यातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली, तरी प्रेसच्या चाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागला की त्यांना अजून ठसका लागतो. मोठा रोलर नवा आला. ठसे वाळवायच्या रॅकच्या खालच्या दोन जाळ्या गंजल्या होत्या, त्या बदलल्या.

सगळे तुझी चौकशी करतात. बाइंडरीणबाई दारातूनच विचारतात, "काकू कधी येणार?" नर्सबाई ड्यूटी संपवून येतात, बुटांची नाडी सोडता सोडता विचारतात, "काकूंचा काही फोन?" काल तर कागदवाला गठ्ठा टाकायला आला आणि म्हणाला, "त्या काकू दिसत नाहीत!" कागदवाला, आई. मी बारा वर्षं त्याच्याकडून कागद घेते. त्याला माझं आडनावही धड येत नाही.

खिडकीजवळच्या स्टुलावर कुणी बसत नाही. परवा मी बसले तर मास्तर म्हणाले, "ते काकूंचं आहे." ते स्टूल माझ्या घरचं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. उठले.

मला त्याचं काही वाटत नाही. सहज लिहिलं.

तुला स्टुडिओत नेलं ते मीच ना. बाबा गेल्यावर तू भिंतीकडे बघत बसायचीस, शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवलं होतंस. म्हटलं, चार माणसांत येशील, कागद ओले करून थर लावायला मदत करशील, तेवढाच वेळ जाईल. दोन आठवडे तू थर लावलेस. तिसऱ्या आठवड्यात ठसे कोरायच्या मऊ लिनोचा कुणाचा तरी उरलेला तुकडा उचललास, कोरणी हातात घेऊन बघितलीस आणि म्हणालीस, "ही काज करायच्या सुरीसारखीच आहे की." संध्याकाळपर्यंत तू शर्टाची कॉलर कोरलीस, टाक्यांसकट. मास्तरांनी ती छापली, कागद उजेडात धरला आणि मला विचारलं, "यांना कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "मी."

तू म्हणालीस, "कात्रीने."

केवढे हसले सगळे. मीही हसले. त्या दिवसापासून तू "काकू" झालीस. मी स्टुडिओ सुरू करणाऱ्या चौघांतली, पण मी अजून "मॅडम"च आहे.

तर पेट्या तयार झाल्या, हे सांगायचं होतं. बाइंडरीणबाईंनी या वर्षी करडं कापड लावलंय. दर वर्षी प्रत्येकाने एक चित्र कोरायचं, त्याचे ठसे सगळ्यांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकाच्या घरी सगळ्यांच्या कामाची एक पेटी जाते. आमची ही पद्धत बाहेरच्यांना फार आवडते. दर वर्षी अकरा असायचे, या वर्षी बारा झाले. तुझी पाठमोरी बाई सगळ्यांत खाली आहे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेस, तुला बायकांच्या पाठी पाठ आहेत, असं मास्तर म्हणतात. स्वतःच्याच विनोदावर तीनदा हसतात.

छान दिसतो तुझा ठसा. खरंच.

कधी येतेस ते कळव. घाई नाही.

तुझी,
ठमी


२ मार्च

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. "गुडघा बरा. हवा कोरडी. वहिनीने दोन पडदे शिवायला दिले. ठसा लोकांना कसा वाटला ते लिही." तू पूर्वी गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहायचीस त्यातसुद्धा याहून जास्त शब्द असायचे.

ठसा लोकांना कसा वाटला ते लिहिते. आधी नीट बस.

फिरतं प्रदर्शन भरवणाऱ्या एक बाई गेल्या सोमवारी दुपारी आल्या होत्या. त्यांचं प्रदर्शन वर्षभर गावोगाव फिरतं आणि त्यात आमच्यासारख्या गटांमधली कामं असतात. दोन वर्षं आम्ही त्यांच्या मागे लागलो होतो. सकाळपासून स्टुडिओत धावपळ. मास्तरांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि शाईला हात लावणार नाही असं जाहीर केलं होतं. बाई यायच्या आधीच त्यांच्या बाहीला काळा पट्टा लागला होता.

बाईंनी पेटी उघडली. एकेक ठसा उचलून बघायला लागल्या. माझा तिसरा होता, तोच जिन्याचा. आई, त्या जिन्यावर मी पाच महिने काम केलंय. तांब्याचा पत्रा नऊ वेळा आम्लात घातला. प्रत्येक पायरीची सावली वेगळी आहे. बाई म्हणाल्या, "स्वच्छ काम आहे." आणि पुढचा उचलला. स्वच्छ! ओटा पुसून ठेवल्यासारखं!

शेवटी तुझा आला. त्या बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. काळ्या झग्यातली पाठमोरी बाई, मानेवर सुटलेली बट, आणि खांद्याच्या वर हवेतूनच सुरू होऊन पाठीवरून खाली आलेली मापाची टेप. त्या म्हणाल्या, "टेप कुणी धरलेलीच नाही. ही बाई कुणासाठी उभी आहे?"

मास्तरांना तर बोलायला निमित्तच हवं असतं. "आधी तिथे हात होता," ते म्हणाले. "टेप धरलेला. काकू म्हणाल्या, मॅडमनी काढायला सांगितला."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही? काय नजर आहे तुमची!" त्यांनी माझा हात हातात घेतला. "हात असता तर हे एक छान चित्र झालं असतं. हात नाही म्हणून मी खुर्ची ओढून बसले."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा ठसा निवडला गेला, बारांतला तो एकच. आणि मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, "जास्तीचं असेल ते काढून टाकायचं, एवढंच."

असं म्हणाले मी, आई. हसून.

संध्याकाळी रोलर धुताना नर्सबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं तोंड का पडलंय?"

"दमले."

"दमल्यावर तोंड असं होत नाही," त्या म्हणाल्या. "दमलेली माणसं मी रोज बघते."

तेव्हापासून आठ दिवस झाले. तीन वेळा हे पत्र लिहायला बसले. प्रत्येक वेळी "जय्यत तयारी", "सगळ्यांना आनंद", "तुझं अभिनंदन" एवढंच लिहून उठले. आता लिहिते.

हात काढायला सांगितला त्या दिवशी मी स्टुडिओत आले तेव्हा तू बाहेर पायरीवर चहा पीत होतीस. टेबलावर तुझा चाचणीचा पहिला ठसा वाळत होता. त्यातला हात मी बघितला. उजव्या कडेने आलेला, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत टेप धरलेला. अंगठ्याचं नख एका बाजूने झिजलेलं, बोटाच्या टोकाला सुईने खडबडीत झालेली कातडी, कपडा चुरगळू नये म्हणून खांद्यापासून जरासा वर ठेवलेला तळवा. आमच्या स्टुडिओत बारा वर्षांत कुणी असा हात कोरलेला नाही. मी तर नाहीच. मला हात येतच नाहीत, म्हणून मी जिने करते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी त्याच्या शेजारी माझा हात धरून बघितला.

तू आत आलीस. "कसा झालाय?" म्हणालीस. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आठवतंय, म्हणून लिहीत नाही. मी म्हणाले, "आई, हात काढ. गर्दी होतेय."

मराठीत काढणं म्हणजे चित्र काढणंही आणि काढून टाकणंही. गेले काही महिने मी स्वतःला समजावून पाहिलं की माझ्या म्हणण्याचा अर्थ "हात अजून नीट काढ" असाही होऊ शकला असता. पण तू विचारलं होतंस, "पूर्ण?" आणि मी म्हणाले होते, "पूर्ण."

तू रुंद कोरणी घेतलीस. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. लिनोवर एकदा कोरून काढलं की काढलं, ते पुन्हा चिकटवता येत नाही, हे तुला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं.

चित्र चांगलं व्हावं म्हणून मी सांगितलं नाही, आई. मला ते बिघडायला हवं होतं. बस, इतकंच. त्यात कसलीही नजर नव्हती. आणि बघ ना, ते बिघडलंसुद्धा नाही! मी वाईट सल्ला दिला तर तोही तुला लागू पडला. याचाही मला हेवा वाटतो. इतकी मी खाली गेलेय.

आणखी एक सांगते. आता सुरुवात केलीच आहे, तर सांगूनच टाकते.

मी लहान असताना शाळेतून येऊन तुझ्या मशीनशेजारी टाचण्यांचा डबा धरून उभी राहायचे. एकामागून एक बायका यायच्या. तू प्रत्येकीच्या खांद्यावर हात ठेवून किती हळू म्हणायचीस, "सरळ उभ्या राहा हं." घरात तो आवाज कधी ऐकू यायचा नाही. घरात "ठमे, डबा नीट धर!" माझा फ्रॉक सगळ्यांत शेवटी शिवला जायचा, उरलेल्या कापडाचा. आणि माझं माप तू कधीच घेतलं नाहीस. "ठमीचं माप माझ्या डोळ्यांत आहे," म्हणायचीस. लोक कौतुकाने हसायचे. मला डोळ्यांतलं नको होतं. मला ती टेप हवी होती, आणि ती धरणारा हात.

आता मी पन्नाशीला आलेय आणि तुझा हात पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यावर होता. तोही माझ्या स्टुडिओत, माझ्या टेबलावर.

ती पाठ कुणाची आहे, आई? मी कधी विचारलं नाही. माझी असेल तर मी काय करून बसले ते मला कळेल. नसेल तर जळायला आणखी एक कारण मिळेल. दोन्हींची तयारी आहे, लिही.

प्रदर्शनवाल्या बाईंना तुझी माहिती हवी आहे. "मार्गदर्शन" म्हणून माझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझीच, पण आज तसं म्हणायला जीभ अडखळते,
ठमी


२७ मार्च

प्रिय आई,

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी मिळालं. चक्क दीड पान! स्टुडिओच्या पायरीवर बसूनच वाचलं. मधला भाग इथे परत उतरवते. तू तो रागात लिहिला असशील आणि आता विसरली असशील, म्हणून.

"पूर्ण काढ म्हणालीस तेव्हा तुझा आवाज आठ वर्षांच्या पोरीचा झाला होता. मला तेव्हाच कळलं. तरी काढला, कारण तुला तो नको होता. मग घरी जाऊन राग आला. त्या अंगठ्याला मला चार दिवस लागले होते. गुडघ्याला काही झालेलं नाही. दादाकडे आले ते तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. मास्तरांना तुझं नाव मुद्दाम सांगून आले. लोक तुला नावाजतील आणि ते तुला टोचेल, एवढं मला कळतं. मीही काही साधी नाही."

इथे मी मोठ्याने हसले. आतून मास्तर धावत आले, त्यांना वाटलं मी रडतेय. एकदा वाटलं, हिची मुलगी शोभते मी! आणि मग खरंच रडले, म्हणजे मास्तरांची फेरी वाया गेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आमची महिन्याची बैठक होती. प्रेसचं तेलपाणी, किल्ल्या कुणाकडे, खिडकीची काच, हे सगळं झाल्यावर मी म्हणाले, मला काही सांगायचंय. आणि सांगितलं. हात का काढायला लावला ते, तुला लिहिलं होतं त्याच शब्दांत. फ्रॉकचं तेवढं सांगितलं नाही, ते आपल्या दोघींतलं.

मास्तर उठले आणि नुकतंच तेल दिलेल्या चाकाला पुन्हा तेल द्यायला लागले. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. शेवटी बाइंडरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं पहिलं एकटीचं प्रदर्शन होतं ना, तेव्हा मला ताप आला होता म्हणून मी आले नव्हते."

"हो, आठवतंय."

"ताप नव्हता."

आई, मग जे सुरू झालं! कुणी कुणाचं कौतुक करताना दात कसे आवळले होते, कुणी कुणाला कुठली चांगली शाई मुद्दाम सुचवली नव्हती. वर्षानुवर्षं ही माणसं एकमेकांचे कागद उचलतात, आजारपणात डबे पोहोचवतात, एकमेकांची पोरं शाळेतून आणतात. आणि पोटात हे सगळं! मास्तर एवढंच म्हणाले, "मी जन्मभर दुसऱ्यांचंच छापलं. मला कसं वाटत असेल, ते कुणी विचारलंय का?" तेव्हा मात्र सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या पेटीत मास्तरांचा स्वतःचा ठसा असणार, हे तिथल्या तिथे ठरलं. ते नको नको म्हणताहेत आणि काल गुपचूप लिनोचा तुकडा घरी घेऊन गेले.

सगळं गोडीगुलाबीत मिटलं, असं समजू नकोस. नर्सबाई माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण काकू इथे नव्हत्या तेव्हा सांगितलंत." खरं आहे त्यांचं. तू आलीस की तुझ्यासमोर पुन्हा सांगेन.

प्रदर्शनवाल्या बाईंनाही कळवलं, की मार्गदर्शन वगैरे काही नव्हतं, मत्सर होता. त्यांचं उत्तर आलं. चित्र जसं आहे तसंच लावणार, माहितीत फक्त तुझं नाव. खाली एक ओळ होती: "तुमच्या जिन्यावर माणसं का नसतात, हे आता कळलं." मला राग आला. आठवडाभर राग होता. मग मी माझाच डावा हात समोर ठेवून उजव्या हाताने तो काढायला बसले. काढायला म्हणजे चितारायला. भयंकर येतोय. बोटं वांग्यांसारखी दिसतात. तरी रोज एक काढते.

आता तुझ्या पत्राचा शेवट. तो मी एवढ्या वेळा वाचलाय की घडीवर कागद विरायला लागलाय.

"ती पाठ आपल्या समोर राहायची त्या ख्रिस्ती शाळामास्तरणीची. नवरा गेल्यावर काळा झगा शिवायला आली होती आणि माप घेताना उभ्या उभ्या रडली, म्हणून लक्षात राहिली. तुझी नाही. तुझी पाठ मला काढताच आली नसती, ठमे, मी ती कधी धड बघितलीच नाही. तुला मापाला उभी केली की तू माझ्याकडे तोंड करायचीस. वळ म्हटलं की वळायचीस आणि लगेच मान फिरवून बघायचीस, मी आहे ना म्हणून. टेप सरळ राहायची नाही. मग मी तो नाद सोडला आणि नुसतं बघूनच बेतायला लागले. एकही फ्रॉक चुकला नाही."

शाळामास्तरणीचा हेवा वाटू नये म्हणून मी फार प्रयत्न केला. जमलं नाही. नवरा गेलेल्या, रडणाऱ्या बाईचा हेवा करणारी मी एकटीच असेन. पण आधीसारखं दुखत नाही. आधी कुठे दुखतंय ते कळायचं नाही, आता बोट ठेवून दाखवता येतं.

बैठकीत तुझ्या नावाने वेगळी किल्ली करायचं ठरलं. मदतीला येणाऱ्या काकू म्हणून नाही, बारावी सभासद म्हणून. माझ्यासोबत येऊन माझ्यासोबत जायला नको, तुला हवं तेव्हा यावं. मीच सुचवलं. सुचवताना दात आवळलेले नव्हते. बाइंडरीणबाईंना विचार, त्या बघत होत्या.

ये, आई. माझ्यासाठी म्हणून नको येऊस, मी अजून भरवशाची नाही. तू पुढचा ठसा कोरशील आणि तो माझ्याहून चांगला होईल आणि मी पुन्हा दोन दिवस कुणाशी बोलणार नाही. तेव्हा तू मला सल्ला विचारू नकोस, आणि मी दिला तर ऐकू नकोस. तुझ्या कामासाठी ये. तो हात पुन्हा कोरायचा असेल तर पूर्ण कोर. कुणाच्याही खांद्यावर ठेव. मी समोर उभी राहीन आणि टाचण्यांचा नाही, शाईचा डबा धरेन. नीट धरेन.

दादाला आणि वहिनीला नमस्कार. पडदे झाले असतील तर निघ.

तुझ्याकडे तोंड करून,
ठमी